खुर्ची रिकामी झाली की कोणाचं फावतं?

"वैयक्तिक कारणांमुळे राजीनामा देत आहे" ही ओळ एखाद्या राजकारणी बाईच्या नावाखाली वाचली की माझ्या डोक्यात हल्ली पहिला प्रश्न येतो तो हा की आता तिच्या जागी कोण बसणार. या विषयावर मिळेल ते वाचत सुटलेय मी आणि वाचून वाचून एक गोष्ट पक्की डोक्यात बसलीये. बायकांना राजकारणातून हुसकावायला जे जे केलं जातं, शिव्या, अफवा, घाणेरडे फोटो, दमदाटी, मारहाण, अगदी खूनसुद्धा, ते आपण "समाजाची मानसिकता" म्हणून एका पोत्यात भरतो आणि सुस्कारा सोडतो. मानसिकता असतेच, नाही कोण म्हणतंय, पण बऱ्याचदा त्यामागे सरळ हिशोब असतो. ती गेली की कोणालातरी काहीतरी मिळतं. जागा मिळते, तिकीट मिळतं, नाहीतर निदान सभागृहात नको ते प्रश्न विचारणारं एक तोंड कमी होतं. हा फायदा जोवर शाबूत आहे तोवर शपथा घ्या, पोस्टर लावा, काय वाट्टेल ते करा.

बोलिव्हियाचं उदाहरण सांगते कारण ते मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. तिथे स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत बायका आणि पुरुष आळीपाळीने ठेवायचे असा नियम आला आणि कौन्सिलवर बायका मोठ्या संख्येने निवडून यायला लागल्या. छान झालं की. पण तिकडे प्रत्येक सदस्याला एक पर्यायी सदस्य असतो, म्हणजे मूळ माणूस गेला की तो बसतो, आणि आळीपाळीच्या नियमामुळे बाईचा पर्यायी बहुतेक वेळा पुरुषच. झालं, तिथेच गोची झाली. बाई निवडून आली की काही दिवसांतच तिच्यामागे लकडा सुरू, अर्धी टर्म तू कर अर्धी त्याला दे, नाहीतर आत्ताच सही कर. कोऱ्या कागदावर सह्या, आधीच लिहून ठेवलेले राजीनामे, बैठकीची वेळ चुकीची सांगणं, बैठकीच्या खोलीत शिरूच न देणं, मानधन अडवणं, आणि तरी ऐकलं नाही तर मग हात उचलणं. तिथल्या महिला कौन्सिलरांची एक संघटना आहे, आकोबोल नावाची, त्या बायका २००० च्या आसपासपासून अशा तक्रारी गोळा करत होत्या. कायद्याचा मसुदा पण तयार होता. तो दशकभर पडून राहिला.

मग हुआना किस्पे. आंकोराइमेस नावाच्या नगरपालिकेतली कौन्सिलर, २०१० ला निवडून आलेली. तिला बैठकांना येऊ देत नव्हते, राजीनामा दे म्हणून दबाव चालूच, ती कोर्टात गेली, तिला पदावर परत घ्या असा आदेश पण तिने आणला. कोर्टाचा कागद हातात असूनही तिला नीट काम करू दिलं नाही. मार्च २०१२ मध्ये ला पाझ शहरात तिचा मृतदेह सापडला. आणि ज्या कायद्याला दशकभर मुहूर्त मिळत नव्हता तो त्याच वर्षी मे महिन्यात झाला, कायदा क्रमांक २४३. राजकीय छळाला दोन ते पाच वर्षं कैद आणि शारीरिक-मानसिक हिंसेला तीन ते आठ. जगात या विषयावर स्वतंत्र कायदा करणारा हा पहिला देश म्हणतात. तिच्या खुनाचा खटला मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं रखडला, ते वेगळंच.

पण मला त्या कायद्यातली शिक्षेची कलमं नाही आवडली एवढी, मला आवडलं एक अगदी कारकुनी वाटणारं कलम. निवडून आलेल्या बाईला राजीनामा द्यायचा असेल तर तिने आधी स्वतः जाऊन तो निवडणूक यंत्रणेकडे द्यायचा. म्हणजे पर्यायी सदस्य कागद फडकवत आला की "हा बघा तिचा राजीनामा", तर ते चालणार नाही. ती समोर यायला हवी. कोणी लिहिलं असेल ते कलम मला माहीत नाही पण ज्याने किंवा जिने लिहिलं त्या व्यक्तीला हा खेळ नेमका कसा खेळतात ते आतून ठाऊक होतं.

मेक्सिकोत हेच वेगळ्या तऱ्हेने झालं. २००९ साली संसदेत पक्षांनी कोटा भरायला बायका निवडून आणल्या आणि अधिवेशन सुरू होताहोताच त्यातल्या काही जणींनी रजा टाकली, त्यांचे पर्यायी सदस्य पुरुष, ते येऊन बसले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, सगळं कसं नियमात. त्या बायकांची तिकडे "हुआनिता" म्हणून थट्टा झाली, पण तिकिटं वाटणाऱ्यांची थट्टा झाल्याचं काही वाचनात नाही आलं. २०११ मध्ये तिथल्या निवडणूक न्यायालयाने एका निकालात सांगून टाकलं की बाई उमेदवार असेल तर तिचा पर्यायी उमेदवार पण बाईच पाहिजे. संपला विषय. तिला घालवून पुरुषाला जागा मिळणारच नसेल तर निदान त्या कारणासाठी तरी तिला कोण घालवेल? एका ओळीचा नियम, त्याला ना शिबिर लागलं ना जनजागृती सप्ताह.

मला शिबिरांचा राग आहे असं नाही. पण बायकांना "कणखर व्हा", "सेल्फ डिफेन्स शिका", "ट्रोलकडे दुर्लक्ष करा" हे शिकवणारी शिबिरं भरपूर होतात आणि तिकीट वाटणाऱ्या पुरुषांसाठी एक पण होत नाही, हे जरा विनोदीच आहे.

आता आकडे. जगभरच्या संसदांची एक संघटना आहे, आंतर-संसदीय संघ, त्यांनी २०१६ मध्ये ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांशी बोलून अहवाल काढला. ८१.८ टक्के म्हणाल्या की मानसिक हिंसा सहन केली, आणि ४४.४ टक्के जणींना जिवे मारण्याच्या, बलात्काराच्या, मारहाणीच्या नाहीतर पळवून नेण्याच्या धमक्या आल्या होत्या. २०१८ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेबरोबर तेच केलं, ४५ युरोपीय देश, १२३ बायका, त्यात खासदार पण आणि संसदेतल्या कर्मचारी पण. तिथे खासदारांमध्ये मानसिक हिंसेचा आकडा ८५.२ टक्के निघाला आणि धमक्यांचा ४६.९. युरोप म्हटलं की आपल्याला वाटतं तिकडे काय असेल, तर हे असं आहे. ५५ आणि १२३ ही माणसं थोडी आहेत, सगळ्या जगाचं चित्र त्यावरून नाही काढता येत, आणि ज्यांना त्रास झाला त्याच बोलायला तयार होण्याची शक्यता जास्त, हे मान्य. तरी मला त्या २०१८ च्या अहवालातला एक वेगळा आकडा महत्त्वाचा वाटतो. लैंगिक छळ झालेल्या खासदारांपैकी २३.५ टक्के जणींनी तक्रार केली, आणि कर्मचाऱ्यांपैकी फक्त ६ टक्के. का ते उघड आहे. खासदाराला निदान मतदारांनी पाठवलेलं असतं, तिला कोणी कामावरून काढू शकत नाही. ऑफिसातल्या मुलीची नोकरी त्याच माणसाच्या हातात असते. आणि कर्मचाऱ्यांचा छळ करणारे बहुतेक वेळा कोण, तर पुरुष खासदारच. म्हणजे बाहेरचा कोणी माथेफिरू नाही, एकाच लिफ्टने वर जाणारा माणूस.

आतल्या माणसांबद्दल कमी बोललं जातं असं माझं मत आहे. विरोधी पक्षाच्या गुंडाने बाईचा माइक हिसकावला तर बातमी होते, तिचा स्वतःचा पक्ष लगेच निषेध वगैरे करतो. पण तिकिटाच्या बदल्यात "भेटायला" बोलावणारा तिच्याच पक्षाचा असतो, तिच्याबद्दल पहिली कुजबूज तिच्याच पक्षातून सुटते, कारण त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला तिथेच असतो. विरोधकाला ती हरायला हवी असते, आतल्याला ती उभीच राहायला नको असते. हे बोलायचं कुठे? पक्षाच्या शिस्तपालन समितीत? तिथे कोण बसलंय ते बघा आधी.

लोक म्हणतात पुरुषांना काय कमी शिव्या पडतात का, राजकारण आहे, पडणारच. पडतात, आणि पुरुष उमेदवारांचे खून पण होतात, काही देशांत तर सर्रास. शिवाय बाईवर झालेला प्रत्येक हल्ला ती बाई आहे म्हणूनच झाला असंही नसतं. हेनरिएटे रेकर कोलोनच्या महापौरपदाला उभ्या होत्या, १७ ऑक्टोबर २०१५ ला मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार करताना एकाने त्यांच्या मानेत सुरा खुपसला, त्यांच्या निर्वासितांविषयीच्या धोरणाच्या रागातून. दुसऱ्या दिवशी त्या निवडून आल्या तेव्हा बेशुद्ध होत्या. ब्रिटनच्या खासदार जो कॉक्स यांना १६ जून २०१६ ला त्यांच्याच मतदारसंघात मारलं, तो मारेकरीही अतिउजव्या विचारांचा. ही दोन्ही प्रकरणं मी "बाई म्हणून" या खात्यात डोळे झाकून नाही टाकणार. फरक असतो तो कशावरून मारा होतो त्यात. पुरुषाला चोर म्हणतात, दलाल म्हणतात, गद्दार म्हणतात. बाईला ते तर म्हणतातच, वर तिचं शरीर, तिची झोप कोणाबरोबर, तिला मूल का नाही, मूल असेल तर ते घरी टाकून ही कुठे फिरते, नवरा काय करतो. पुरुषाच्या कामावर हल्ला होतो आणि बाईच्या तिथे असण्यावरच.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. माझी एक मैत्रीण मागे एका निवडणुकीला उभी होती आणि मला कॉम्प्युटरचं येतं एवढ्या पात्रतेवर तिचं फेसबुक पेज माझ्या गळ्यात पडलं. दिवसा कमेंट ठीक असायच्या, पाण्याचं काय, बसचं काय, मागच्या वेळच्या आश्वासनांचं काय. रात्री अकरानंतर रंग बदलायचा. पहिल्या आठवड्यात मी जे दिसेल ते डिलीट करत होते, मग एका वकील बाईंनी सांगितलं की डिलीट नको, आधी पूर्ण स्क्रीनचा फोटो, त्यात तारीख-वेळ आणि अकाउंटचं नाव दिसलं पाहिजे, मग त्या कमेंटची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवायची कारण नाव बदललं तरी लिंकवरून अकाउंट शोधता येतं, आणि मग ते हाईड करायचं. तर मी एक शीटच बनवली. शिव्यांचं काही वाटेनासं होतं हो काही दिवसांनी, खरंच, तेच तेच पाच-सहा शब्द, व्याकरण पण धड नाही.

पण एक कमेंट मी विसरणार नाही. एका बिनफोटोच्या अकाउंटवरून तिच्या मुलीचा फोटो आला, शाळेच्या गेटसमोर उभी असलेला, आणि खाली तीन शब्द, "गोड आहे मुलगी". बस. मी रिपोर्ट केलं, उत्तर आलं की यात नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. आणि बरोबरच आहे, एकही वाईट शब्द नाही त्यात, मशीनला काय कळणार, कदाचित समोर माणूस बसला असता तरी त्याला नसतं कळलं. मैत्रिणीला मात्र लगेच कळलं. तो फोटो तिने कुठे पब्लिक टाकलेलाच नव्हता, प्रचाराच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा सहज शेअर केला होता. म्हणजे तो ग्रुपमधूनच गेला. कोणी पाठवला ते कळलं नाही, ग्रुपमध्ये सगळे ताई ताई करणारे. त्या दिवसापासून ती प्रचाराला निघताना आधी मुलीला कोण आणणार हे ठरवायची आणि मग सभेची वेळ. संध्याकाळच्या दोन सभा त्यातच गेल्या. असल्या गोष्टी कुठल्या अहवालात येणार, धमकी म्हणून पण नाही आणि हिंसा म्हणून पण नाही.

ऑनलाइनचं मोजमाप काही जणांनी केलंय. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने २०१७ मध्ये ब्रिटनच्या महिला खासदारांना आलेले ट्वीट तपासले, तर निवडणुकीच्या आधीच्या सहा आठवड्यांत जेवढे शिवीगाळीचे ट्वीट होते त्यातले ४५ टक्के एकट्या डायन ॲबट यांना होते. त्या ब्रिटिश संसदेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार. बाई असणं आणि वर्ण, दोन्हीचा मिळून हिशोब चुकवावा लागतो तो असा. भारतातही २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टीने ९५ महिला नेत्यांना आलेले ट्वीट पाहिले, तिथे दर सातातलं एक ट्वीट आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचं निघालं.

आणि आता डीपफेक, म्हणजे कॉम्प्युटरने दुसऱ्याचा चेहरा चिकटवून बनवलेला खोटा व्हिडिओ. उत्तर आयर्लंडच्या कारा हंटर, २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या विधानसभेला उभ्या होत्या. मतदानाला काही आठवडे उरलेले आणि या आजीच्या वाढदिवसाला गेलेल्या, तिथे फोनवर अनोळखी माणसाचा मेसेज, व्हिडिओतली बाई तूच का म्हणून. अश्लील व्हिडिओ, त्यात यांचा चेहरा. मग व्हॉट्सॲपवर तो फिरतच राहिला, रस्त्यात माणसं थांबवून काहीबाही विचारायला लागली. विचार करा, प्रचारात दारोदार जायचं असतं आणि प्रत्येक दार उघडणाऱ्या माणसाने तो पाहिलाय की नाही हे तुम्हाला माहीत नाही. त्या निवडून आल्या, १४ मतांनी. चौदा! या घटनेवर "सत्याचा विजय" छाप लेख मी वाचलेत पण मला त्या चौदाचीच भीती वाटते. पंधरा माणसांनी तेवढ्यावरून मत फिरवलं असतं तर आपण हे नाव ऐकलं पण नसतं, एक हरलेली उमेदवार एवढंच राहिलं असतं. असा व्हिडिओ खोटा आहे हे सिद्ध होऊन पण काम करून जातो, कारण मतदान एका ठरलेल्या दिवशी असतं आणि खुलासा त्याच्या नंतर पोचतो.

आतापर्यंत सगळं उमेदवारांबद्दलच झालं. मत द्यायला जाणाऱ्या, मतदान केंद्रावर बसणाऱ्या, याद्या तपासणाऱ्या बायका पण यात येतात. घरातल्या कर्त्या पुरुषाने सगळ्यांचं मत ठरवायचं, मतदानाच्या कप्प्यात बायकोबरोबर आत शिरायचं, याची नोंद युरोपातले निवडणूक निरीक्षकसुद्धा वर्षानुवर्षं करतायत, कौटुंबिक मतदान असं साधंसोज्वळ नाव आहे त्याला. अफगाणिस्तानात २०१९ च्या निवडणुकीत बोगस मतदान रोखायला प्रत्येक मतदाराचा केंद्रावर फोटो काढायचा ठरलं, बायकांचा पण. हेतू चांगला असेल, पण जिथे बाईचा चेहरा अनोळखी माणसाने पाहू नये असा घरचा दंडक आहे तिथे हा नियम म्हणजे तिला घरी बसवायचं आयतं कारण झालं. नियम करताना टेबलावर कोण नव्हतं ते लगेच कळतं.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस, दोघी २०२० च्या मतमोजणीत काम करत होत्या. त्यांनी खोटी मतं मोजली असा आरोप व्हिडिओचे तुकडे दाखवून केला गेला, तो धादांत खोटा होता, पण धमक्या इतक्या आल्या की आईला घर सोडून राहावं लागलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने हे आरोप करणाऱ्या, ट्रम्प यांच्या तेव्हाच्या वकिलाने, रूडी जुलियानी यांनी, त्यांना १४ कोटी ८० लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. रक्कम डोळे पांढरे करणारी आहे पण मला बरं वाटलं ते वेगळ्याच कारणाने, खोटं बोलण्याची किंमत पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या नावावर लागली. एरवी ती नेहमी बाईच भरते, घर बदलून, नंबर बदलून, नोकरी सोडून.

आणि जिथे निवडणुकीच्या निमित्ताने थेट बलात्कार होतात तिथली दिरंगाई तर विचारूच नका. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर जो हिंसाचार उसळला त्यात बायकांवर अत्याचार झाले, त्यातल्या चौघींना भरपाई द्या असा तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल आला डिसेंबर २०२० मध्ये. गिनीत २८ सप्टेंबर २००९ ला लष्करशहा दादिस कमारा निवडणुकीला उभा राहणार याच्या विरोधात लोक कोनाक्रीच्या स्टेडियममध्ये जमले होते, सैनिकांनी दीडशेहून जास्त लोक मारले आणि शंभराहून जास्त बायकांवर लैंगिक अत्याचार केले. कमाराला शिक्षा झाली ३१ जुलै २०२४ ला, वीस वर्षं. आणि २०२५ च्या मार्चमध्ये तब्येतीच्या कारणावरून माफी देऊन सोडला. पुढच्या वेळी मोर्चाला जायचं की नाही हे ठरवताना तिथल्या बाईने यातलं नेमकं काय लक्षात ठेवायचं?

मग कशाने फरक पडतो? मला पटलेल्या गोष्टी सांगते. ब्राझीलने २०२१ मध्ये कायदा केला, १४.१९२ नंबरचा, त्यात उमेदवार किंवा निवडून आलेल्या बाईला बाई म्हणून छळलं तर एक ते चार वर्षं कैद आहेच, पण पक्षांनी स्वतःच्या घटनेत हे रोखायचे नियम घालावेत असं पण त्यात आहे. पक्षाला हात लावला हे मला आवडलं, अंमलबजावणी कशी होते हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमध्ये २०२२ च्या निवडणूक कायद्यानुसार उमेदवाराला किंवा प्रचारकाला धमकावून दोषी ठरलेल्या माणसाला पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालता येते. तुरुंगापेक्षा राजकारण्याला हेच जास्त झोंबेल. मेक्सिकोत तर बायकांवरच्या राजकीय हिंसेत दोषी ठरलेल्यांची यादी निवडणूक आयोग वेबसाइटवर उघड लावतो, कोणीही वाचावी, आणि २०२३ मध्ये राज्यघटनेतच बदल करून बायकांवरच्या हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला किंवा पोटगी थकवणाऱ्याला उमेदवारी बंद केली. पोटगी थकवणारा! मला वाचून हसू आलं पण किती बरोबर आहे.

काही उपाय तर इतके किरकोळ वाटतात की आपण त्यांना उपाय म्हणत पण नाही. उमेदवाराच्या घरचा पूर्ण पत्ता कागदोपत्री छापायचाच कशाला? ब्रिटनमध्ये स्थानिक निवडणुकीत सुद्धा आता तो न छापण्याची सोय आहे. अमेरिकेत उमेदवाराला प्रचारनिधीतून स्वतःच्या सुरक्षेवर खर्च करता येईल असा स्पष्ट नियम २०२४ मध्ये केला, नाहीतर घराला कॅमेरे लावायचे तर पैसे स्वतःच्या खिशातून, आणि ज्यांचे खिसे रिकामे त्यांनी घरी बसावं.

सगळ्यात जोरदार मला वाटतो तो इलियातेंकोचा निकाल. मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातली छोटी नगरपालिका. २०२१ मध्ये तिथे महापौरपदाला एक बाई उभी होती, तिच्याविरुद्ध भिंतींवर आणि इकडेतिकडे बायकांना राज्य चालवता येत नाही छापाच्या घोषणा रंगवल्या गेल्या, आणि ती एक टक्क्यापेक्षाही कमी फरकाने हरली. न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली आणि परत मतदान घ्यायला लावलं. घोषणा कोणी रंगवल्या ते सापडलं नाही तरी निकाल टिकणार नाही, हे एकदा राजकारण्यांना कळलं की आपल्या कार्यकर्त्यांच्या हातातला ब्रश ते स्वतःच काढून घेतील. जिंकूनही हातात काही न लागणं, याच्यापेक्षा मोठी भीती नाही त्यांना.

पण मेक्सिकोचं एवढं कौतुक केल्यावर तिथलंच उलटं उदाहरण सांगितलं नाही तर तो चोरटेपणा होईल. २०२४ मध्ये तिथल्या एका साध्या गृहिणीने ट्वीट केलं, मतलब असा की अमुक बाईंना उमेदवारी मिळाली ती नवऱ्यामुळे. त्या बाई निवडून आल्या, त्यांनी राजकीय हिंसेची तक्रार केली, आणि २०२५ मध्ये निवडणूक न्यायालयाने त्या गृहिणीला दंड केला आणि ३० दिवस रोज एक जाहीर माफी पोस्ट करायला लावली. तिने केली पण, रोज. सगळा देश बघत होता, मूळ ट्वीट ज्यांनी कधी वाचलं नसतं त्यांनी पण वाचलं. राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाम यांनी सुद्धा हा अतिरेक आहे असं म्हटलं. मलाही तसंच वाटतं. ते ट्वीट खवचट होतं, कदाचित बाईवर अन्याय करणारं पण होतं, पण तिकीट कोणाच्या वशिल्याने मिळालं हे विचारायचा मतदाराला हक्क आहे आणि तो पुरुष उमेदवाराबद्दल वापरला जातोच की. मी माझ्यापुरतं बघते ते असं, बोलणाऱ्याच्या हातात काय आहे आणि त्या बोलण्याने बाईला उत्तर द्यावं लागतंय की पळून जावं लागतंय. त्या गृहिणीच्या हातात एक फोन होता. शाळेच्या गेटचा फोटो टाकणाऱ्याच्या हातात पण फोनच होता, हे मला कळतंय, म्हणून तर ही रेघ ओढणं अवघड आहे आणि ती न्यायाधीशांनी दर वेळी प्रकरण बघूनच ओढायला हवी, कलम लावलं आणि झालं असं नाही चालत.

२०२५ च्याच नोव्हेंबरमध्ये शेनबाम मेक्सिको सिटीत रस्त्याने चालत जात होत्या, लोकांशी हात मिळवत, आणि एका माणसाने मागून येऊन त्यांच्या अंगाला हात लावला. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. काहींनी ते नाटक आहे असं पण म्हणून घेतलं. त्यांनी पोलिसात तक्रार केली, आणि राष्ट्राध्यक्षाशी असं वागतात तर बाकीच्या बायकांचं काय होत असेल अशा अर्थाचं बोलल्या. त्या माणसाला त्याच दिवशी पकडलं होतं. तर करायचं ठरवलं की एका दिवसात अटक होते, एवढं तरी त्यातून कळलं.